दुसरा नमस्कार

२००२ साल, ऑक्टोबर महिना. कोरियातल्या तेजॉन नावाच्या शहरात, आठव्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत मी जमिनीवर पालथी पडले होते आणि माझी मुलगी माझ्यावर ओरडत होती.

"आई, कोपरं उचल! आणि एवढी घाई कसली? तू साष्टांग घालत नाहीयेस."

"मग काय घालतेय?"

"मोठा नमस्कार. दोन्ही हात कपाळापाशी, उजवा डाव्यावर. मग हळूच खाली बसायचं, डुगडुगायचं नाही. वाकायचं, थांबायचं, उठायचं."

"उठायचं हे सगळ्यात शेवटी सांगितलंस," कोचावरून तिचे बाबा म्हणाले. त्यांचा एक गुडघा तोवर संपावर गेला होता.

शाल्मली आमची एकुलती एक. काचेच्या बारीक तारांतून प्रकाश कसा पळतो, यावर ती तिथे डॉक्टरेट करत होती. प्रकाश पळता पळता तिला हान जुनहो भेटला. त्याच प्रयोगशाळेतला, उंच, चष्मेवाला, बोलताना सारखा अर्धा वाकणारा. मुलगा वाईट नव्हता. पण तो आंदोंगजवळच्या एका खेड्यातल्या हान घराण्याच्या थोरल्या पातीचा थोरला नातू होता. त्याचे वडील वारले होते, त्यामुळे पंधरा-वीस पिढ्यांच्या पितरांचा भार आता त्याच्यावर होता. त्याच्यावर म्हणजे त्याच्या बायकोवर. वर्षाकाठी डझनावारी श्राद्धं, आणि एकेका श्राद्धाला आपल्याकडच्या मुंजीएवढा स्वयंपाक.

लग्न होणार की नाही, हे जुनहोच्या आजीवर होतं. त्याने शाल्मलीला स्पष्ट सांगितलं होतं, आजी नाही म्हणाली तर मी तिला दुखवून लग्न करणार नाही. आणि आजीने निरोप पाठवला होता की मुलीच्या आई-वडिलांना आणा, जेवून जाऊ देत, त्यांनी घर सोडायच्या आत मी काय ते सांगते.

तर आम्ही जेवायला चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर, म्हातारीने नाही म्हणावं या एकाच आशेवर मी विमानात बसले होते.

नकार मला देता आला नसता असं नाही. पण मी दिला असता तर शाल्मलीने जन्मभर माझ्याकडे पाठ फिरवली असती. तोच म्हातारीने दिला, की "जाऊ दे गं बाळा" म्हणून तिला जवळ घ्यायला मी मोकळी. शिवाय दादरच्या प्रधानांचा मुलगा होताच. दातांचा डॉक्टर. उंचीला जरा मार खाल्लेला, पण दवाखाना स्वतःच्या मालकीचा.

हानांकडे निघायच्या दिवशी सकाळी पेणहून माईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन आला. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत.

"शरयू, मुलगा मासे खातो ना?"

"खातो."

"मग तुला अडचण काय आहे? बरं, तिथल्या आजीबाईंना माझाही नमस्कार कर हो. नुसता सांगू नकोस. कर."

म्हणजे काय, ते आमच्यात सगळ्यांना कळतं. पाठवलेला नमस्कार तोंडाने सांगून भागत नाही. आपला झाला, की ज्याने पाठवलाय त्याचा म्हणून पुन्हा एकदा वाकायचं. लहानपणी मी पेणमधल्या एकेका म्हातारीपुढे तीनतीनदा वाकलेली आहे. एक माझा, एक आईचा, एक मावशीचा. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं, ते पाठीच्या कण्यातच असतं.

हानांचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. काळ्या कौलांचं, अंगणात मोठमोठ्या रांजणांची रांग. त्यात सोयाचा रस मुरत ठेवलेला. वळचणीला सोललेली पर्सिमॉनची फळं दोऱ्यांना ओवून वाळत घातलेली, लांबून बघितलं तर कुणी केशरी तोरणं बांधलीत असं वाटावं.

म्हातारी, म्हणजे हाल्मोनी, आतल्या खोलीत उशीवर बसल्या होत्या. हाल्मोनी म्हणजे आजी. वय एक्याऐंशी, राखाडी रेशमी कपडे, पांढरे केस मागे घट्ट बांधून त्यात चांदीचा आकडा. एवढीशी मूर्ती, पण बसणं असं की खोलीच त्यांच्याभोवती बांधली असावी. त्यांच्या शेजारी त्यांचे दीर. त्यांना सगळे 'धाकटे आजोबा' म्हणत. चौऱ्याहत्तर वर्षांचे धाकटे! पायघोळ पांढरा अंगरखा आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी चुकल्याचा भाव. घरातल्या श्राद्धविधींचे ते राखणदार. चेस्टनट कसे सोलायचे, मासा कुठल्या दिशेला मांडायचा, लाल फळ कुठे आणि पांढरं कुठे, सगळं त्यांच्या तोंडून ठरायचं. सोलायचं, मांडायचं, तळायचं मात्र दुसऱ्या कुणीतरी.

ती दुसरी कुणीतरी म्हणजे जुनहोची आई. ती दारात दिसली, वाकली आणि स्वयंपाकघरात दिसेनाशी झाली. माझ्याच वयाची बाई. हात लाल.

शाल्मलीचे डोळे माझ्यावर रोखलेले होते, त्यामुळे पहिला नमस्कार मी परीक्षेत घालावा तसा घातला. उजवा डाव्यावर, न डुगडुगता. हाल्मोनी बसल्या जागी वाकल्या. यांचा गुडघा वाजला, पण तो नियमात बसणारा आवाज असावा, कारण कुणी काही बोललं नाही.

"काहीच केलेलं नाही," हाल्मोनी म्हणाल्या. शाल्मली भाषांतर करत होती. "गरिबाचं जेवण आहे. पोटभर जेवा."

आणि मग जुनहोची आई आली. प्रत्येकाला वेगळा छोटा चौरंग, आणि प्रत्येक चौरंगावर इतक्या वाट्या की मधलं लाकूड दिसेना. कंदांच्या भाज्या, तीळ लावलेली पानं, तळलेले पातळ घावन, मुळ्याचं लालभडक गोड-तिखट पेय, आणि मधोमध खारवून भाजलेला अख्खा बांगडा.

यांनी बांगड्याकडे बघितलं. बांगड्याने यांच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे त्या नजरेनं कधी बघितलेलं आठवत नाही.

"अहो," मी हळूच म्हटलं, "आपण कशासाठी आलोय ते लक्षात आहे ना?"

"मुलीचं नंतर बघू," हे म्हणाले आणि काटे काढायला लागले.

यांची बांगड्याची बाजू साफ झाली रे झाली, की दुसरा बांगडा हजर. आमच्याकडे पानात टाकणं ही पाहुण्याची लाज, त्यांच्याकडे रिकामी वाटी ही यजमानाची. हे दोन शिष्टाचार एकमेकांना भिडले, की माणसाचं पोट फुटेपर्यंत तो खेळ चालू राहतो. हे तर आनंदाने फुटायला तयार होते.

मी मात्र कामाला लागले.

"आमच्या शाल्मलीला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नाही," मी म्हटलं.

शाल्मलीने दातओठ खात भाषांतर केलं.

हाल्मोनींनी मान डोलावली. "शिकलेल्या हातांना वेळ कुठला मिळणार? आमचा जुनहो तर घोरतो. त्याचे आजोबा घोरायचे, तर छपरावरचं मांजर उठून जायचं."

"रागीट आहे हो फार. लहानपणी तिने शाळेतल्या बाईंना उलट उत्तर दिलं होतं."

"हुशार मुलंच उत्तर देतात. आमच्याकडे थंडी भयंकर. नव्या सुनेच्या बोटांना भेगा पडतात. आणि जुनहोचा पगार ऐकाल, तर तुम्हाला हसू येईल."

"सकाळी उठत नाही."

"आमच्या घरात पहाटे उठावं लागतं. बिचारीचे किती हाल होतील."

मी चमकले. ही बाई आपल्याच नातवाला असं का पाडून बोलतेय? मग हळूहळू उजेड पडला. म्हातारीलाही हे लग्न नको होतं! पण पाहुण्यांना घरी बोलावून, चौरंग मांडून, तोंडावर नाही म्हणणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. ती माझ्या नकाराची वाट बघत होती आणि मी तिच्या. आणि दोन्हीकडची पंचाईत अशी, की आपल्या मुलाला नावं ठेवणं हा त्यांच्याकडेही विनय आणि आपल्याकडेही विनय! मी मुलीला जितकी नावं ठेवावीत, तितकी मी घरंदाज ठरत होते. धाकटे आजोबासुद्धा एकदा पुटपुटले, "आई सुसंस्कृत आहे."

"आई," शाल्मली मराठीत म्हणाली, तोंडावर हसू तसंच ठेवून, "मी सगळं बघतेय. तू काय करतेयस ते मला कळतंय."

"मी काय केलं? कौतुक चाललंय दोन्हीकडून."

"आज इथून निघेपर्यंत त्यांनी हो म्हटलं नाही, तर विषय संपला. कळतंय ना तुला?"

"कळतंय," मी म्हटलं. तिचा बांगडा तसाच होता. एक घाससुद्धा मोडलेला नव्हता.

उन्हं उतरायला लागली. चहा झाला, तिळाच्या वड्या झाल्या, मधात बुडवलेल्या करंज्यांसारखं काहीतरी झालं. हाल्मोनींनी हवेची चौकशी केली, मी डोंगराची तारीफ केली. उत्तराचं नाव नाही. जुनहो घड्याळाकडे बघत होता. शेवटी हे उठले, कारण आणखी पाच मिनिटं बसले असते तर उठताच आलं नसतं.

निघताना पुन्हा मोठा नमस्कार करायचा असतो. मी केला. वाकले, थांबले, उठले. हाल्मोनींचं तोंड उघडलं, काहीतरी बोलणार तेवढ्यात मला माई आठवल्या. अरेच्चा, त्यांचा राहिलाच! आणि मी पुन्हा खाली बसले, हात कपाळाला लावले आणि दुसऱ्यांदा वाकले.

डोकं वर केलं. जुनहोची आई पेले उचलत होती. तिच्या हातातला एक तिरका झाला आणि उरलेला चहा सरळ धाकट्या आजोबांच्या मोज्यावर गेला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

"आई!" शाल्मलीने माझा दंड धरला. "काय केलंस हे?"

"काय केलं?"

"दोन! जिवंत माणसाला एकच नमस्कार करतात. दोन मेलेल्यांना!"

"दुसरा माईंचा होता. त्यांनी पाठवलेला."

"मला आधी सांगायचं ना!"

"तू वाक, थांब, ऊठ एवढंच शिकवलंस. मोजायला कुठे सांगितलंस?"

तिने घाईघाईने कोरियनमध्ये सगळं सांगितलं. पेणची आजी, पाठवलेला नमस्कार, आमची पद्धत. धाकट्या आजोबांनी ते ऐकून घेतलं आणि हात वर केला.

"कारण काहीही असो," ते म्हणाले. जुनहो इंग्रजीत आम्हाला सांगत होता, पण त्याचा रंग उडाला होता. "नमस्कार झाला, तो परत घेता येत नाही. या घरात कित्येक पिढ्या जिवंताला एक आणि गेलेल्याला दोन, हाच नियम आहे. या घराच्या थोरल्या मालकिणीला तिच्याच खोलीत, तिच्या तोंडावर, मेलेली ठरवलं गेलं. वहिनींनी वेगळं उत्तर द्यायची आता गरज उरलेली नाही."

झालं. मी ज्यासाठी आले होते ते कुणी माझ्या ओच्यात आणून टाकावं, तसं आपोआप झालं होतं. दादर, प्रधान, दातांचा दवाखाना, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

शाल्मली रडली नाही. रडली असती तर मला ठाऊक होतं काय करायचं. ती उठली आणि जुनहोच्या आईबरोबर सांडलेला चहा पुसायला लागली. घरी कधी स्वतःची बशी न उचलणारी माझी मुलगी खाली बसून, मान खाली घालून, एका परक्या म्हाताऱ्याच्या मोज्याभोवतीची जमीन पुसत होती. मला एकाएकी दातांच्या डॉक्टरचा संताप आला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

तेवढ्यात हाल्मोनींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. आधी आवाज न करता, मग बारीक, आणि मग अशा, की केसातला आकडा सैल झाला.

"भाऊजी," त्या धाकट्या आजोबांना म्हणाल्या, "दोन म्हणजे मी मेले. असंच ना?"

"नियम तसा आहे, वहिनी."

"नक्की?"

"नक्की."

"परत घेता येत नाही?"

"नाही."

"मग फार बरं झालं. जिवंत माणसाला शिष्टाचार सांभाळावा लागतो, मेलेल्याला काय त्याचं?" त्यांनी पाय सरळ पसरले. जुनहो सांगायचा, आजीला पाय पसरून बसलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. "आता बोलते. सुनबाई, ते फडकं ठेव आणि इथे माझ्याशेजारी बस."

जुनहोची आई उभीच राहिली.

"मी पितर आहे. पितरांचं ऐकायचं असतं. बस."

ती बसली. उशीच्या अगदी कडेला, कुणी हाकललं तर उठायला बरं म्हणून.

"मला हे लग्न नको आहे," हाल्मोनी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून नको आहे."

जुनहोने भाषांतर करायचं थांबवलं. शाल्मलीने केलं, शब्दन् शब्द, जमिनीकडे बघत.

आता माझ्याच्यानेही राहवेना. "मी टू!" मी म्हटलं. इंग्रजी मला कळतं बरंच, बोलता मात्र तेवढंच येतं. "नो मॅरेज! मी ऑल्सो नो!"

"आई!!"

हाल्मोनींनी माझ्याकडे बोट केलं आणि टाळी वाजवली. "बघा! मला वाटलंच! ही सकाळपासून स्वतःच्या मुलीला नावं ठेवतेय. सुसंस्कृत कसली, ही माझ्यासारखीच आहे!"

हे मला म्हणाले, "काय चाललंय? आपण निघायचं की बसायचं?"

"बसा," मी म्हटलं.

"तुला का नको?" हाल्मोनींनी मला विचारलं.

"एकुलती एक आहे. लांब जाईल. आणि तुमच्याकडे ती तळत मरेल."

"मलाही तेच वाटतं," त्या म्हणाल्या, आणि आता हसत नव्हत्या. "परदेशी आहे म्हणून नको, असं सगळ्यांना वाटलं. वाटू दिलं मी. एकोणीस वर्षांची होते, तेव्हापासून या घरातल्या मेलेल्यांना जेवू घालतेय. पहाटेपासून तव्यापुढे उकिडवी बसून घावन तळायचे. ते खाणार मेलेले, मग पुरुष, मग आम्ही थंडगार. माझे गुडघे गेले, तेव्हा मी हिला बसवलं." त्यांनी जुनहोच्या आईच्या मांडीवर हात ठेवला. "हिचेही आता गेलेत. ती मुलगी काचेतून प्रकाश नेते म्हणे. तिला आणून मी तव्यापुढे बसवू? त्यापेक्षा दुष्ट म्हातारी म्हणवून घेतलेलं बरं."

जुनहोची आई पहिल्यांदाच बोलली. अगदी हळू. "सासूबाई, तुम्ही मला हे कधी बोलला नाहीत."

"तेव्हा जिवंत होते ना."

"श्राद्धं काही कमी करता येत नाहीत," धाकटे आजोबा म्हणाले. "पितर वाट बघत असतात."

"बघत नाहीत."

"वहिनी, तुम्हाला काय ठाऊक?"

"मला नाही तर कुणाला? आत्ताच तर तुम्ही मला त्यांच्यात बसवलंत! ऐका, पितरांचा निरोप आहे. सगळी श्राद्धं मिळून वर्षातून एक दिवस. वाढाल तेवढं पुरे. ज्याचे पूर्वज त्यानं तळायचं. जुनहो तळेल, तुम्ही तळाल. आणि मला तिखट हवं. इतकी वर्षं मेलेल्यांना लसूण-मिरचीशिवाय वाढलं. कुणी विचारलं नाही आवडतं का."

"हे चालणार नाही!" धाकट्या आजोबांचा आवाज चढला. "जिवंत माणसाला पितरांच्या वतीने हुकूम देता येत नाही!"

"म्हणजे मी जिवंत आहे?"

धाकट्या आजोबांनी अंगरख्याची बाही ओढली.

"जिवंत असेन," हाल्मोनी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तर या पाहुणीने काही वावगं केलं नाही, तिची माफी मागा. मेलेली असेन तर माझा हुकूम पाळा. दोन्हीतलं कुठलंही चालेल. तुम्ही निवडा, नियम तुम्हाला जास्त कळतात."

धाकट्या आजोबांनी सगळे नियम मनातल्या मनात पुन्हा चाळले. शेवटी त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "माझा मोजा ओला झालाय."

"जुनहो, आजोबांना कोरडा मोजा आण," हाल्मोनी म्हणाल्या. "आणि तळायचं शीक."

"शिकतो, आजी."

"आज."

"आज शिकतो."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "माझ्या नाहीचं कारण संपलं. आता तुमचं सांगा. पण आधी तुमच्या सासूबाईंचा नमस्कार मला परत करायला हवा. त्यांचं वय?"

"ब्याऐंशी."

"माझ्याहून मोठ्या! पेण कुठल्या दिशेला?"

जुनहोने क्षणभर विचार केला आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

"तिकडे न्हाणीघर आहे, हाल्मोनी," शाल्मली म्हणाली.

"त्याच्या पलीकडे पेण आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

सगळे नको नको म्हणत असताना त्या उठल्या. हात कपाळाला लावले, न्हाणीघराच्या दिशेला तोंड केलं आणि ज्या गुडघ्यांविषयी आत्ता सांगून झालं होतं, त्याच गुडघ्यांवर सावकाश खाली उतरल्या. वाकल्या. थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"एकच," जमिनीकडे तोंड करून त्या म्हणाल्या. "त्या जिवंत आहेत."

आणि तिथेच अडकल्या. गुडघे पक्के धरले. जुनहोची आई एका बाजूने धावली, मी दुसऱ्या बाजूने. आम्ही दोघींनी काखेत हात घातले, पण म्हातारी अंग देईना. उलट तिने माझं मनगट धरलं. एवढ्याशा हातात ती ताकद कुठली ते देव जाणे.

"सांगा."

"आधी उठा हो," मी म्हटलं.

"आधी उत्तर. उत्तर दिल्याशिवाय उठणार नाही."

"शाल्मली, यांना सांग, दुखेल गुडघ्यांना."

"मी काही सांगणार नाही," शाल्मली म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिचा चेहरा मला वाचता येईना. "तूच सांग, आई. हो किंवा नाही. दोन्ही त्यांना कळतं."

मी यांच्याकडे बघितलं. हे गंभीरपणे म्हणाले, "माणसं चांगली आहेत." तेवढ्या शब्दांमागे दोन बांगडे होते हे मला माहीत होतं, तरीपण.

दोन मिनिटांपूर्वी ही बाई माझ्या बाजूची होती. आता एकटी मीच उरले होते. एक्याऐंशी वर्षांची म्हातारी माझ्या सासूला नमस्कार करून माझ्या हाताला लोंबकळत होती. भाषा येत असती, तर मी आणखी दहा सबबी सांगितल्या असत्या. माझ्याकडे दोनच शब्द होते आणि त्यातला एक तोंडातून निघेना.

"यस," मी म्हटलं. "घ्या मुलगी. यस, यस. आता उठा."

हाल्मोनींनी मान वळवून जुनहोकडे बघितलं. "ऐकलंस? साक्षीदार आहात सगळे." आणि मग आमच्या दोघींच्या हातांवर भार टाकून, कण्हत, शिव्या देत उठल्या. शिव्यांचं भाषांतर शाल्मलीने केलं नाही. ती तेव्हा रडत होती.

लग्न एप्रिलमध्ये त्याच अंगणात झालं, आणि मे महिन्यात पुन्हा पेणला. माईंना मी ऑक्टोबरातच, घरात पाऊल टाकल्या टाकल्या, हाल्मोनींचा नमस्कार वाकून पोचवला होता. त्यांनी हात जोडून घेतला आणि विचारलं, जेवायला काय काय होतं. त्या आणखी चार वर्षं जगल्या.

दादरच्या दातांच्या डॉक्टरने बोरिवलीची मुलगी केली. ती त्याच्याहून उंच आहे.

धाकटे आजोबा तळायला शिकले. आधी रडतखडत, मग अशा हौसेने, की दुसऱ्या कुणी तव्याला हात लावला तर त्यांना खपेना. मुळ्याच्या पानांचे घावन त्यांच्यासारखे कुणाला जमत नाहीत, असं गावात म्हणत. शहाऐंशीव्या वर्षी गेले.

हाल्मोनी २०११ साली गेल्या, झोपेत. त्यांच्या श्राद्धाच्या पानात आंबवलेल्या कोबीची लाल तिखट किमची असते. सुरुवातीला नातलगांनी नाकं मुरडली. आता गावातल्या आणखी दोन घरांनी ते उचललंय.

हे जाऊन दहा वर्षं होऊन गेली. शाल्मली आणि जुनहो तेजॉनलाच आहेत. ती शिकवते, तो अजून घोरतो. त्यांची मुलगी मराठीत भांडते आणि कोरियनमध्ये माफी मागते.

आणि जुनहोची आई. तिचं नाव ओकजा आहे. ते कळायला मला दोन वर्षं लागली, कारण त्या घरात कुणी तिला त्या नावाने हाकच मारत नव्हतं. साठीच्या आत तिने गाडी चालवायचा परवाना काढला आणि डोंगरातल्या वळणांवर अशी चालवायला लागली, की मागे बसलेली मी सगळे कुलस्वामी आठवायची. दर जानेवारीत, तिकडे बर्फ पडायला लागलं, की ती माझ्याकडे पेणला येते. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा अजून धड येत नाही. सकाळी ती गॅलरीतल्या खुर्चीत बसते ती बसूनच असते. चहा तिथेच, जेवण तिथेच. पाणीसुद्धा उठून घेत नाही. जेवण झालं की ताट तसंच पुढे सरकवते आणि माझ्याकडे बघते.

मी उचलते.